सहा गड्यांच्या फुटबॉलचा जनक

अंडाकृती चेंडूचा शालेय फुटबॉल हा अमेरिकेतील खेडोपाडी गावाच्या प्रतिष्ठेचा विषय. मात्र, महामंदीच्या काळात नेब्रास्कातील लहान शाळांना संघासाठी अकरा मुलेही मिळेनाशी झाली. चेस्टर येथील तरुण शिक्षक स्टीफन एप्लर यांनी तेव्हा सहा जणांचा खेळ आखला. मैदानही लहान केले. २६ सप्टेंबर १९३४ रोजी हेब्रॉनला चार शाळांच्या मुलांच्या दोन संयुक्त संघांत पहिला सामना रंगला आणि १९-१९ असा बरोबरीत सुटला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी एप्लर यांनी १९४६ मध्ये ओरेगॉनमधील व्हॅनपोर्ट येथे उभारलेले शिक्षण केंद्र पुढे पोर्टलंड स्टेट विद्यापीठ झाले. १९९७ मध्ये ते निवर्तले. टेक्सासमधील कमी पटाच्या सरकारी आणि खासगी शाळांची मैदाने मात्र त्यांच्याच खेळामुळे आजही जागती आहेत.