किल्ल्याची नाडी जाणणारे अमात्य

रविवारी मुलाबाळांना घेऊन पन्हाळ्यावर जाणारे कोल्हापूरकर सज्जाकोठी पाहतात, अंबारखाना पाहतात, झुणका-भाकर खाऊन तृप्त मनाने गड उतरतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीपाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही. गड कसा राखावा हे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांची ही समाधी.

अकबरनाम्यात चितोडच्या वेढ्याची रंगीत चित्रे आहेत. सुरुंग उडतो, दगड-माणसे हवेत भिरकावली जातात. पण चित्रकार उभा आहे तो वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत! तटाच्या आतून वेढा कसा दिसतो, हे पाहायचे तर पंतांच्या आज्ञापत्राकडेच वळावे लागते.

निळो सोनदेवांचे हे चिरंजीव १६७४ च्या राज्याभिषेकात ऐन तारुण्यात अमात्य झाले. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले आणि महाराष्ट्राचा सारा भार पंतांच्या खांद्यावर आला. हुकूमतपनाह हा किताब मिळाला. खजिन्यात मात्र खडखडाट. विशाळगडावरून त्यांनी कारभार हाकला. १६९२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी पन्हाळा परत जिंकला.

१७०१ मध्ये खुद्द औरंगजेब पन्हाळ्याला भिडला. महिने लोटले आणि अखेर पैसे मोजून गड त्याच्या हाती गेला. पुढच्याच वर्षी विशाळगडही दोन लाखांवर सोडला. याला फितुरी म्हणायचे? मला तसे वाटत नाही. शिबंदी वाचली, पैसा आला, आणि १७०७ मध्ये बादशहा मेला तेव्हा पन्हाळा मराठ्यांकडेच होता.

१७१४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर उलथापालथ झाली. ज्या ताराबाईंसाठी पंत झिजले, त्याच कैदेत पडल्या. या प्रकरणात पंतांचाही हात होता असे मानतात, आणि त्यांच्या चाहत्यांना ते बोचते. नव्या संभाजीराजांसाठी १७१५ मध्ये आज्ञापत्र लिहिले गेले, त्यात दुर्गांचे प्रकरण आले.

तेथे पोकळ शौर्य नाही. आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा. एका झऱ्यावर विसंबू नये. तोफांच्या हादऱ्याने तो आटतो, म्हणून टाकी खोदावीत. दरवाजा खालून थेट दिसू नये, शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात तोफांच्या कान्यात मेण भरावे. गडावरचा कचरा जाळून राख परसात घालावी, तिच्यावर भाजीपाला करावा. शेजारी तोलामोलाचा डोंगर असेल तर सुरुंगाने तो खाली आणावा, नाहीतर तोही बांधून काढावा. या शेवटच्या कलमामागे अनुभव होता. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला, आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. पन्हाळ्याशेजारचा पावनगड महाराजांनी बांधून काढला तो याच धोक्यासाठी.

टोपीकरांना या मुलखात किल्ला बांधण्याजोगी जागा देऊ नये, हेही पंतांनी बजावले होते. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांच्या तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडले. त्यानंतर चार दरवाजाही पाडला गेला.