पाणी बघून ठरवणारे दरवाजे

मित्रांनो, दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. फोटोला हार घालतो, भाषण ऐकतो आणि होस्टेलवर परततो. त्या फोटोतल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी उमेदीची जवळजवळ पंचवीस वर्षं आपल्याच मुंबई इलाख्यात काढली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, दाखल झाले. १८८३ साली परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याची नोकरी लागली, पहिली नेमणूक नाशिकला.

पुढे पुण्यात असताना त्यांच्यापुढे खडकवासल्याचा प्रश्न आला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. भिंत वाढवणं धोक्याचं आणि खर्चाचं. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. दरवाजांना विरुद्ध बाजूने वजन जोडलेलं. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की जादा पाणी हौदात शिरायचं, वजन पाण्यामुळे हलकं व्हायचं आणि दरवाजे उघडायचे. पातळी उतरली की पुन्हा बंद! रात्री-अपरात्री कुणी उठायला नको, साहेबाच्या हुकमाची वाट बघायला नको. डीबीएमएसच्या तासाला आपण ज्याला ट्रिगर म्हणतो, तोच हा प्रकार. फक्त लोखंड आणि पाण्यात केलेला. तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी साठू लागलं.

दुसरं काम ब्लॉक पद्धतीचं. नीरा कालव्यावर मोजक्या गावांचा ऊस सगळं पाणी प्यायचा. विश्वेश्वरय्यांनी पाणी, जमीन आणि पिकांचा हिशेब मांडून पाळीपाळीने जास्त गावांना पाणी देण्याची योजना आणली. शेतकरी आधी चिडले, पुण्यात टीकाही झाली. त्यांनी लोकांसमोर बसून आकडे समजावले. पुढे भंडारदऱ्याचं पाणी आल्यावर प्रवरेच्या कालव्यांवरही ब्लॉक आले. देवळाली प्रवराच्या शिवारात आजही आवर्तन कधी सुटणार, हाच पहिला प्रश्न असतो. म्हणजे हा माणूस आपल्यापासून काही लांबचा नाही.

१९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. तिथे त्यांनी पावसाच्या नोंदी तपासून वरच्या अंगाला धरणं सुचवली. मग म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ साली भारतरत्न.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला, तेही धरण गेलं आणि पुणं बुडालं. आपोआप दरवाजांना फक्त समोरची पातळी कळत होती. वर पानशेतला काय चाललंय ते कळायची सोय नव्हती. आणि कळलं असतं तरी एवढं पाणी सोडणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. अलीकडे कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळीची माहिती आपोआप गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली, ती वरचं खाली वेळेत कळावं म्हणूनच.

१४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी पार करून, विश्वेश्वरय्या गेले. मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी अशी सिस्टिम लिहील. निर्णय झटपट व्हावा हे ठीकच. पण डेटा कुठून येतो, कुठे संपतो आणि चुकला तर खाली कोण राहतं, हेही आधी विचारायला हवं. यंदा हार घालताना एवढं लक्षात ठेवूया!