कमलाबाई सोहोनी : एका विलंबाचे चरित्र

भारतीय जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात कमला सोहोनी यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि त्यांचे चरित्र सांगताना बहुधा एका प्रसंगापाशीच थांबले जाते आणि त्या प्रसंगाची पुढे आयुष्यभर लांबत गेलेली छाया दृष्टीआड होते.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या वडील भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी उत्तम गुणांनी संपादून कमलाबाईंनी वडिलांच्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो फेटाळला. अर्जदार स्त्री आहे, याखेरीज दुसरे कारण नव्हते.

कमलाबाईंनी त्या काळाला साजेसा मार्ग पत्करला. संचालकांच्या कचेरीबाहेर त्यांनी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते; मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतही, काम करावयाचे होते; आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू नये, अशीही तंबी होती. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी केलेले काम पाहून वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि अन्य स्त्रियांनाही संस्थेचे दार उघडले.

पुढे केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी या घटकावर संशोधन केले. अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. स्वदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. तेथे बढतीचा मार्ग मोकळा दिसेना. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. नीरा, कडधान्ये आणि तांदळाचे पीठ यांसारख्या गोरगरिबांच्या आहारातील पदार्थांचे पोषणमूल्य त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासिले. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. तरीही संस्थेचे संचालकपद त्यांच्या हाती येण्यास अंतर्गत राजकारणामुळे सुमारे चार वर्षांचा विलंब झाला.

बंगलोरचे एक वर्ष आणि मुंबईची चार वर्षे, ही पाच वर्षे एकत्र मांडली म्हणजे चरित्राचा अर्थ पालटतो. पहिल्या वेळी नकार देणारा माणूस समोर होता, म्हणून त्याच्या दारी बसता आले. दुसऱ्या वेळी कोणीच नकार देत नव्हते. निर्णय केवळ पुढे ढकलला जात होता. अशा विलंबाविरुद्ध सत्याग्रह कोणाच्या दारी करावा? रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे काम केलेल्या अॅना मणी यांना प्रबंध पूर्ण करूनही, एम. एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. तेथे नियमाची भाषा होती, येथे मौनाची. दोहोंचा परिणाम मात्र सारखाच झाला.

राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणातून उद्भवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये विशाखा निर्णय दिला आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रथमच कायद्याच्या चौकटीत नाव मिळाले. रोखलेल्या पदाचे दुःख त्या चौकटीत बसत नाही. ते दफ्तरात नोंदले जात नाही; सेवापुस्तकातील दोन तारखांमधील अंतर तेवढे उरते.

निवृत्तीनंतर कमलाबाईंनी ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम केले. बंगलोरचा अपमान विसरता आला नाही, हे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे सांगितले. रामन यांची थोरवी मान्य करूनच सांगितले. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या गौरवासाठी योजिलेल्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच निवर्तल्या. गौरवालाही उशीरच झाला होता.