दुष्काळाच्या दुखण्यावर कामाचा उतारा

लातूर-नांदेड भागातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढे १९७२ चा विषय काढला, की मिलोची लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडून हाताला आलेले फोड हटकून आठवतात. शिरूर अनंतपाळचा परिसर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली. तरीही पूर्वीच्या दुष्काळांसारखे गावेच्या गावे ओस पाडणारे मृत्यूचे थैमान झाले नाही. असे का झाले, हे समजून घेताना एका नावाशी थांबावे लागते. ते म्हणजे विठ्ठल सखाराम तथा वि. स. पागे.

पागे डॉक्टर नव्हते. १९१० साली जन्मलेले, आजच्या सांगली जिल्ह्यातले हे गांधीवादी कार्यकर्ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते. संतसाहित्याचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. पण त्यांचे मन रमले ते एका साध्या प्रश्नात. अंगमेहनतीची तयारी असलेल्या माणसाला गावात काम का मिळू नये?

भूक आणि रोग

या प्रश्नाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. दुष्काळात माणसे केवळ उपासमारीने दगावत नाहीत. अन्न कमी पडले की शरीराची प्रतिकारशक्ती खालावते. मग हगवण, गोवर, हिवताप असे एरवी बरे होणारे आजारही जिवावर बेततात. पाण्याचे साठे आटले की उरलेले पाणी दूषित होते. पोट भरायला घर सोडलेली कुटुंबे एका जागी गर्दीने राहतात आणि साथ पसरते. सर्वात आधी बळी जातात ती लहान मुले आणि म्हातारी माणसे.

ही साखळी दवाखान्यात तोडता येत नाही, ती आधीच तोडावी लागते. बाजारात धान्य असूनही ते विकत घ्यायला हातात पैसा नसेल तर माणूस उपाशीच राहतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळावरील आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. पागे यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकाच्या मध्यावर, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात मजुरांना हमखास काम देण्याचा प्रयोग सुरू केला होता. त्याचे गणित त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पटवून दिले.

पन्नास लाख हात

राज्याने रोजगार हमी योजना १९७२ मध्ये स्वीकारली. पण त्याच वर्षी दुष्काळ कोसळला आणि ती बाजूला ठेवून सरकारला मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध झाले. मजुरी मिळाल्याने चूल पेटती राहिली.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. धान्योत्पादन कमालीचे घसरूनही मोठा भूकबळींचा प्रसंग टळला, याचे श्रेय त्यांनी प्रामुख्याने या कामांना दिले. मृत्यू आणि कुपोषण नेमके किती वाढले, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलांची आबाळ झाली, हे मात्र नाकारता येत नाही.

कामे आपोआप निघाली नाहीत. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्या. गावातली टंचाई बोलून दाखवणारा निवडून आलेला माणूस आता जवळ होता. काम मागणारे मोर्चे तहसीलवर धडकत होते आणि विरोधी पक्ष विधिमंडळात जाब विचारत होते.

उपकार नव्हे, हक्क

पागे यांचे खरे मोठेपण दुष्काळ ओसरल्यावर दिसते. संकट सरले की योजना गुंडाळायची, ही सरकारी रीत. पागे यांनी ती योजना कायम राहावी, यासाठी पाठपुरावा केला. शहरातल्या नोकरदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला आणि त्यातून गावच्या मजुराची मजुरी निघू लागली. २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अमलात आला. काम देता आले नाही तर बेकारभत्ता, स्त्री-पुरुषांना एकच दर, कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर अशा तरतुदी त्यात होत्या.

कागदावरचे सगळे उतरले नाही. मजुरी रखडली, हजेरीपटात खोट्या नोंदी झाल्या, पाळणाघरे अनेक ठिकाणी दिसलीच नाहीत. उपाशीपोटी अवजड काम करणाऱ्या गरोदर बाईच्या प्रकृतीचा प्रश्नही राहिलाच.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. कोणती कामे घ्यायची हे सुचवण्याचा अधिकार त्या कायद्याने ग्रामसभेला दिला. पाऊस दगा देतो त्या वर्षी गावाच्या आरोग्याची पहिली तपासणी दवाखान्याआधी ग्रामसभेत व्हायला हवी. किती हातांना काम नाही आणि किती घरांत एकच वेळ चूल पेटते, हे तिथेच कळते.