दानशूर डेव्हिड ससून

पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईच्या काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालय ही नावे मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहेत की, त्यांच्यामागे हाडामांसाचा एक माणूस होता याचा सहसा विसर पडतो. धार-देवासच्या वाचकाला तर हा माणूस फारच दूरचा वाटेल. वस्तुतः ससून घराण्याच्या वैभवाचा एक मोठा झरा माळव्याच्या काळ्या जमिनीतूनच वाहत होता.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथे झाला. वडील सालेह ससून हे तेथील पाशांचे खजिनदार व ज्यू समाजाचे प्रमुख होते. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत जुलूम वाढला, तेव्हा डेव्हिड यांना बगदाद सोडावे लागले. इराणच्या बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते सहकुटुंब मुंबईस आले. १८५३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. तथापि पेहराव अखेरपर्यंत बगदादीच राहिला आणि स्वाक्षरी ते हिब्रू लिपीत करीत.

त्या काळी बंगालमधील अफूवर कंपनी सरकारची मक्तेदारी होती. माळव्यातील पीक मात्र होळकर, शिंदे, धारचे पवार, देवासची थोरली व धाकटी पाती अशा संस्थानांच्या मुलखात होई. तेथे मक्तेदारी चालत नसल्याने सरकारने मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना शुल्क बसविले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची आडवाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत हे शुल्क पेटीमागे चारशे रुपयांवर पोहोचले. मुंबईहून या पेट्या चीनला जात. डेव्हिड यांचे पुत्र इलायस १८४४ मध्ये चीनला गेले आणि कापूस, सूत व अफू यांच्या व्यापारात ससून पेढीचे नाव सर्वतोमुखी झाले.

मुंबईत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग १७९६ पासून होते. बगदादहून आलेल्या ज्यूंसाठी डेव्हिड यांनी १८६१ मध्ये भायखळ्यास मागेन डेव्हिड सिनेगॉग उभारले. १८६३ मध्ये पुण्यातील ओहेल डेव्हिडचे काम सुरू झाले. त्याच्या लाल विटांमुळे पुणेकर त्यास लाल देऊळ म्हणू लागले. ते १८६७ मध्ये पूर्ण झाले. परंतु १८६४ मध्येच डेव्हिड पुण्यात निवर्तले होते. त्याच आवारात त्यांची समाधी आहे.

प्रार्थनास्थळ बांधणे हे धनिकास अवघड नसते. शंभर वर्षांनंतरही तेथे दिवा लागावा, छत गळू नये, सेवकास वेतन मिळावे, ही खरी चिंता असते. माळव्यातील राजांनी ही चिंता इनाम जमिनींनी दूर केली. देवळास गाव वा शेत लावून दिले की त्याच्या उत्पन्नावर पूजाअर्चा चाले. व्यापाऱ्याजवळ देण्यास गाव नसते. तो मूळ ठेव बाजूस ठेवतो आणि तिला हात न लावता केवळ उत्पन्न खर्चण्याचे बंधन विश्वस्तांवर घालतो.

ससून घराण्यात ही व्यवस्था डेव्हिड यांचे नातू सर जेकब ससून यांच्या काळी भक्कम झाली. पिता इलायस यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या कोट भागात केनेसेथ इलियाहू सिनेगॉग उभारले आणि १९१० मध्ये आजोबांच्या मागेन डेव्हिडचा विस्तार केला. १९१६ मध्ये ते वारले; पण त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी दोन्ही वास्तूंचा सांभाळ करीत राहिला.

या निधीची खरी कसोटी १९४७ नंतर लागली. बगदादी ज्यू इस्रायल, इंग्लंड व अन्यत्र निघून गेले. सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष जमणेही कठीण होऊ लागले. केवळ चालू वर्गणीवर या वास्तू तगल्या नसत्या. भायखळ्याच्या आवारातील ससून शाळांत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, आणि केनेसेथ इलियाहूचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये पूर्ण झाला.

या पुण्याईला एक काळी किनारही आहे. ज्या व्यापारातून हे धन जमले, त्याने चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त केली. तो व्यापार त्या काळच्या कायद्यास धरून होता, एवढ्याने त्याचा दोष धुऊन निघत नाही. आणि त्या पिकाचा सारा माळव्यातील संस्थानांच्या खजिन्यातही पडत होता, म्हणून तो दोष एकट्या ससूनांच्या माथी मारणेही न्यायाचे नाही.

काळा घोड्याच्या ग्रंथालयास ससून घराण्याकडून साठ हजार रुपये मिळाले आणि १८७० मध्ये ती वास्तू पूर्ण झाली. चीनला जाणारी अफू १९१३ मध्ये थांबली. पेट्या गेल्या, पेढ्या गेल्या. भायखळ्याचे प्रार्थनास्थळ आणि काळा घोड्यावरील वाचनाची मेजे मात्र टिकून राहिली.