हॅलिफॅक्सच्या व्हायोला डेसमंड

आपल्या मराठी पानांत बहुधा आपल्याच ज्ञातीतील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे येतात. या वेळचे चरित्र परज्ञातीतील एका बाईचे आहे. कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र असल्यामुळे त्यांचा चेहरा पुष्कळांच्या ओळखीचा आहे. पण या बाईंनी केले काय, असे विचारल्यास सिनेमाच्या खुर्चीवरून त्या उठल्या नाहीत, एवढेच उत्तर मिळते. त्यांच्या आयुष्यात याहून बरेच अधिक आहे, आणि त्यातील काही भाग आम्हां बेने इस्राएल लोकांना फार जवळून समजण्यासारखा आहे.

व्हायोला आयरीन डेव्हिस यांचा जन्म हॅलिफॅक्स शहरी ता. ६ जुलै १९१४ रोजी झाला. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. असे लग्न त्या काळी फार क्वचित होई. घरात भावंडे पुष्कळ. कष्ट करावे, नीटनेटके राहावे व मान खाली घालू नये, अशी घरची शिस्त होती. शिक्षण संपल्यावर व्हायोलाबाईंनी थोडा काळ कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत शिकविले. नोव्हा स्कोशिया प्रांतात अशा वेगळ्या शाळांना त्या वेळी कायद्याचाच आधार होता. कायद्यातील ते कलम १९५४ साली गेले.

परंतु त्यांचा ओढा स्वतंत्र धंद्याकडे होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांची व त्वचेची निगा राखणारे कोणी असावे, ही गरज त्यांनी ओळखली. हॅलिफॅक्समधील ब्युटी स्कूलांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून त्या माँट्रियलला गेल्या, तेथे शिकल्या आणि पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क व अटलांटिक सिटी येथेही शिक्षण घेतले. परत आल्यावर १९३७ साली गॉटिंगन स्ट्रीटवर त्यांनी आपले पार्लर उघडले. त्यांचे यजमान जॅक डेसमंड यांचे केशकर्तनालय शेजारीच होते. पुढे बाईंनी स्वतःची पावडर व प्रसाधने विकावयास काढली आणि डेसमंड स्कूल ऑफ ब्युटी कल्चर ही शाळाही सुरू केली. दुसऱ्या प्रांतांतूनही मुली तेथे शिकावयास येत. ज्या मुलींना कोणी दारात उभे करीत नसे, त्या हातात विद्या घेऊन बाहेर पडत आणि आपापल्या गावी धंदा उघडत. पुढे जे घडले ते घडले नसते, तरी एवढ्या कामासाठीही त्यांची आठवण ठेवावी लागली असती.

ता. ८ नोव्हेंबर १९४६ हा शुक्रवार होता. धंद्याच्या कामासाठी बाई एकट्याच मोटार चालवीत सिडनी गावाकडे निघाल्या होत्या. वाटेत न्यू ग्लासगो येथे मोटार बिघडली व दुरुस्तीला दुसरा दिवस उजाडणार असे कळले. संध्याकाळ घालविण्यासाठी त्या रोझलँड थिएटरात गेल्या आणि खालचे तिकीट मागितले. त्यांना दूरचे नीट दिसत नसे. तिकीट हाती आले ते बाल्कनीचे. ही गोष्ट ध्यानात न येता त्या खाली जाऊन बसल्या. तिकीट तपासणाऱ्या मुलीने अडविल्यावर त्या परत खिडकीशी गेल्या व फरकाचे पैसे देऊ लागल्या. त्यांच्यासारख्या लोकांना खालचे तिकीट देण्याची परवानगी नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा कोठे सारा प्रकार त्यांना उमगला. थिएटरच्या भिंतीवर तशी पाटी नव्हती की छापील नियम नव्हता. बाई आत गेल्या आणि पुन्हा खालीच बसल्या.

मॅनेजरने पोलिसाला बोलाविले. दोघांनी मिळून त्यांना ओढत बाहेर काढले. त्यात त्यांच्या कमरेला दुखापत झाली. ती रात्र त्यांना कोठडीत काढावी लागली. हातात पांढरे मोजे घातलेल्या या बाई रात्रभर ताठ बसून राहिल्या. सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले गेले तेव्हा त्यांना वकील नव्हता, आणि वकील घेता येतो हेही कोणी सांगितले नाही.

आरोप काय ठेवला, हे नीट पाहण्याजोगे आहे. खालचे तिकीट ४० सेंटांचे व बाल्कनीचे ३० सेंटांचे होते. त्या किमतीत सरकारचा करमणूक कर असे. खालच्या तिकिटावर ३ सेंट व वरच्यावर २ सेंट. बाई वरचे तिकीट घेऊन खाली बसल्या म्हणजे त्यांनी सरकारचा १ सेंट बुडविला, असा तो आरोप. फरकाचे पैसे त्या स्वतः देत होत्या आणि घेणाऱ्यानेच ते घेतले नाहीत, याचा विचार कोणी केला नाही. त्यांना २० डॉलर दंड व ६ डॉलर खर्च, मिळून २६ डॉलर भरावे लागले. साऱ्या खटल्यात त्यांच्या रंगाचा उल्लेखही झाला नाही.

घरी आल्यावर यजमानांचे मत झाले गेले विसरून जावे असे पडले. ते स्वतः न्यू ग्लासगोत वाढलेले होते व तेथील रीत जाणून होते. बाईंना ते पटले नाही. रेव्हरंड विल्यम ऑलिव्हर व त्यांच्या पत्नी पर्लीन ऑलिव्हर यांनी त्यांना पाठबळ दिले, आणि १९४५ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेने कोर्टासाठी निधी जमविला. न्यू ग्लासगोच्या कॅरी बेस्ट यांनी आपल्या ‘क्लॅरियन’ पत्रात ही हकीकत ठळकपणे छापली. त्यांना स्वतःलाही त्याच थिएटरातून १९४१ साली बाहेर काढण्यात आले होते, व त्यांनी लावलेला दावा फेटाळला गेला होता. वकील फ्रेडरिक बिसेट यांनी व्हायोलाबाईंचे प्रकरण प्रांताच्या सुप्रीम कोर्टात नेले. पण अपिलाचा मार्ग वेगळा होता व त्याची मुदत टळून गेली होती, या कारणावरून १९४७ साली तेथेही हार झाली. एका न्यायाधीशाने मात्र हा सारा खटाटोप एका सेंटासाठी होता की कायद्याच्या आडून वर्णभेद चालविण्यासाठी, अशी शंका निकालात नोंदविली. वकिलांनी फी घेतली नाही आणि तो पैसा संस्थेच्या पुढील कामास लागला.

येथे महाडची आठवण होते. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले. तेथील विरोधकांनी कोर्टात उघड सांगितले की, अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची वहिवाट पुरातन आहे. उघड सांगितली म्हणून तिची परीक्षा करता आली, आणि ती सिद्ध होत नाही असे १९३७ साली मुंबई हायकोर्टाने ठरविले. न्यू ग्लासगोची वहिवाट कोर्टात कोणी तोंडाने उच्चारलीच नाही. ती कराच्या हिशेबात लपून बसली, आणि जी गोष्ट बोललीच गेली नाही ती कोर्टाने पाहिली नाही. भेदभाव असा सभ्य कपडे घालून आला की त्याच्याशी लढणे किती अवघड होते, हे या खटल्यावरून दिसते.

पुढे हे लग्न मोडले. बाईंनी हॅलिफॅक्स सोडले. त्या माँट्रियलला व नंतर न्यूयॉर्कला गेल्या. तेथे ता. ७ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॅलिफॅक्सच्या कॅम्प हिल दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. सार्वजनिक जागी वर्णभेद करण्यास बंदी करणारा प्रांताचा कायदा १९५९ सालचा, तो त्यांच्या हयातीतच झाला; पण त्यांच्या नावावरील गुन्हा तसाच राहिला.

तो पुसला गेला त्याचे श्रेय त्यांच्या धाकट्या बहिणीला, वाँडा रॉबसन यांना आहे. बहिणीला अटक झाली तेव्हा आपल्याला लाज वाटली होती, असे त्यांनी पुढे मोकळेपणे सांगितले. उतारवयात त्या विद्यापीठात शिकावयास गेल्या, तेथे वर्णभेदाच्या इतिहासाचा पाठ चालू असता हा विषय निघाला, आणि मग त्यांनी तो सोडला नाही. वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांनी पदवीही मिळविली. ता. १५ एप्रिल २०१० रोजी नोव्हा स्कोशिया सरकारने जाहीर माफी मागितली, आणि व्हायोलाबाईंना दोषी ठरविणेच चूक होते, असे मान्य करणारी मुक्तता दिली. कॅनडात मृत व्यक्तीस अशी मुक्तता मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या कागदावर सही करणाऱ्या प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर मेयान फ्रान्सिस या त्या पदावरील पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. २०१६ साली बंदरातील एका फेरीबोटीस व्हायोलाबाईंचे नाव मिळाले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ती नोट चलनात आली. २०२१ साली सरकारने दंडाची भरपाई म्हणून १००० डॉलर विद्यार्थ्यांच्या मदतीस दिले. वाँडाबाई २०२२ साली वारल्या. त्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले.

आम्हांला यातून घेण्यासारखे काय? १९६२ साली इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे आदेश मुख्य रब्बींच्या कचेरीतून निघाले, तेव्हा तेही धर्मशास्त्राच्या सभ्य भाषेतच होते. आपल्या लोकांनी १९६४ साली यरुशलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कनेसेटने आपली बरोबरी मान्य केली. त्या धरण्यात बसलेल्यांनाही कोणी तरी घरी सांगितलेच असेल की, जाऊ द्या, बोभाटा नको. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण त्याच आपल्या ज्ञातीत गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि काळ्यांशी सोयरीक केली जात नसे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. त्याचीही पाटी कोठे लावलेली नव्हती. आपल्यावर झालेला अन्याय तेवढा आठवावयाचा आणि आपण केलेला विसरावयाचा, हा हिशेब खरा नव्हे.

हॅलिफॅक्सला येणाऱ्या आपल्या मंडळींनी गॉटिंगन स्ट्रीटवरून एक फेरी जरूर मारावी. ते जमले नाही तर दहा डॉलरची नोट उलगडून पाहावी. व्हायोलाबाईंच्या चित्रामागे हॅलिफॅक्सच्या जुन्या नकाशाचा तुकडा छापलेला आहे, आणि जेथे त्यांचे पार्लर होते तो रस्ता त्यात आहे.