नखाएवढी चिप

तुमच्या घरी मोबाईल फोन असेल. फोन नसला तर एखादे डिजिटल घड्याळ तरी असेलच. ते उघडून आत काय आहे हे पाहावेसे वाटते ना? पण उघडू नका, घरच्यांची बोलणी खावी लागतील! आत एका पट्टीवर काळे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. त्या काळ्या आवरणात सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा दडलेला असतो. त्याला चिप म्हणतात. ही चिप ज्यांनी घडवली, त्यांपैकी एक होते रॉबर्ट नॉईस.

रॉबर्टचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावांत रॉबर्ट तिसरा. मुलगा भारी खटपट्या. १२ वर्षांचा असताना त्याने भावाच्या मदतीने माणूस बसेल एवढे, इंजिन नसलेले विमान बनवले आणि ते घेऊन छपरावरून उडीही मारली! नशीब, हाडे शाबूत राहिली.

पुढे तो ग्रिनेल गावच्या कॉलेजात शिकू लागला. १९४८ साली तिथे एक वाईट प्रकार घडला. वसतिगृहातील मुलांनी मेजवानीचा बेत केला आणि त्यासाठी रॉबर्टने एका मित्राबरोबर रात्री एका शेतकऱ्याचे जनावर चोरले. सकाळी दोघांनाही पश्चात्ताप झाला. ते शेतकऱ्याकडे गेले, चोरी कबूल केली आणि पैसे देऊ केले. पण आयोवा म्हणजे शेतकऱ्यांचा प्रदेश. जनावराची चोरी हा तिथे मोठा गुन्हा होता. रॉबर्टचे शिक्षण कायमचे संपले असते, तुरुंगातही जावे लागले असते. तेव्हा त्याचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक ग्रँट गेल आणि कॉलेजचे प्रमुख मध्ये पडले. त्याला एका सत्रासाठी कॉलेजातून काढण्यात आले. ते महिने त्याने न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत आकडेमोड करत काढले आणि मग तो परत आला.

परत आला म्हणूनच पुढची गोष्ट घडली. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात नुकताच लागला होता. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा अगदी लहान नळ. थोड्याशा विजेच्या इशाऱ्याने तो उघडतो किंवा बंद होतो. गेल सरांनी या नव्या वस्तूची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना करून दिली. रॉबर्ट तिच्यामागे वेडाच झाला. १९५३ मध्ये त्याने एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतून डॉक्टरेट मिळवली.

नॉईस १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्याकडे नोकरीला गेले. शॉकली मोठे शास्त्रज्ञ, पण स्वभावाने संशयी. त्यांच्याशी कुणाचे पटेना. अखेर १९५७ मध्ये नॉईस आणि त्यांचे सात सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी सुरू केली.

तिथे काम कसे चाले, ते ऐका. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो ट्रान्झिस्टर एकदम तयार करत. मग चकती कापून ते वेगळे करत. आणि मग? ते वेगळे केलेले तुकडे यंत्र बनवताना पुन्हा तारांनी एकमेकांना जोडत! जेवढे ट्रान्झिस्टर जास्त, तेवढे तारांचे जंगल दाट. एक टाका सुटला की सगळे यंत्र बंद. आधी कापायचे आणि मग जोडायचे, हा उपद्व्याप कशाला, असे नॉईस यांना वाटले. त्यांचे सहकारी जाँ हर्नी यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर ठेवण्याची रीत शोधली होती. या थरातून वीज जात नाही. नॉईस यांनी जानेवारी १९५९ मध्ये आपल्या वहीत लिहून ठेवले की, या थरावर ॲल्युमिनियमच्या बारीक रेघा उमटवल्या तर त्याच तारांचे काम करतील. ट्रान्झिस्टर कापायलाच नकोत!

त्याआधी काही महिने टेक्सासमध्ये जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर मंडल बनवून दाखवले होते. पण त्यातील भाग वरून सोन्याच्या तारांनी जोडलेले होते. शोध कोणाचा, यावर दोन कंपन्यांत अनेक वर्षे खटला चालला. १९६६ मध्ये त्यांनी समझोता केला. माझ्या मते मान दोघांचाही आहे.

१९६८ मध्ये नॉईस यांनी गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल कंपनी स्थापन केली. तिच्या १९७१ सालच्या ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिला १५ व्होल्टची वीज लागे. आज एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. इतके नळ एकत्र म्हणजे उष्णताही फार. म्हणून व्होल्ट कमी करत जावे लागले. व्होल्ट निम्मे केले की ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला लागणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे फोनच्या चिपचा आतला भाग आता सुमारे १ व्होल्टवर चालतो.

पण येथे नवीनच अडचण उभी राहिली. चिपच्या बाहेरचे काही भाग ३.३ व्होल्टवर चालतात. एका खोलीत कुजबुज आणि शेजारच्या खोलीत मोठ्याने बोलण्याची सवय, असा हा प्रकार. १ व्होल्टचा इशारा तिकडे धड ऐकूच जात नाही. नळ अर्धवट उघडा राहतो आणि वीज फुकट वाहते. म्हणून दोघांच्या मध्ये एक निरोप्या ठेवतात. त्याचे नाव लेव्हल शिफ्टर. त्याचे मुख्य काम चार ट्रान्झिस्टर करतात: दोन खाली, दोन वर. वरचे दोघे असे जोडलेले असतात की एक उघडला की तो दुसऱ्याला बंद करतो. त्यामुळे निरोप पोचल्यावर वीज वाया जात नाही. मात्र निरोप बदलताना क्षणभर रस्सीखेच होते. खालच्याला फक्त १ व्होल्टचे बळ असते, वरच्याला ३.३ चे. खालचा हरला तर निरोप अडकून पडतो. म्हणून चिप आखणारे खालचे ट्रान्झिस्टर रुंद ठेवतात आणि वरचे मुद्दाम अशक्त करतात. किती रुंद, किती अशक्त, हे ठरवण्यातच खरे कसब आहे.

नॉईस ३ जून १९९० रोजी टेक्सासमधील ऑस्टिन शहरी हृदयविकाराने वारले. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. दहा वर्षांनी, २००० मध्ये, चिपच्या शोधासाठी किल्बी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मृत व्यक्तीला ते देत नाहीत. पारितोषिक स्वीकारताना किल्बी यांनी नॉईस यांची आठवण काढली.